वृद्धाश्रमाची पारख : काय पाहावे, काय विचारावे

आपल्या धर्मग्रामांतून आज क्वचितच असे एखादे घर असेल की ज्यातील मुलगा किंवा मुलगी शिक्षणासाठी वा नोकरीसाठी दूरदेशी गेलेली नाही. मागे राहतात ते वयोवृद्ध आईवडील. अंगात त्राण आहे तोवर ते एकमेकांना सांभाळतात. पण एक जण अंथरुणाला खिळला किंवा देवाघरी गेला, की प्रश्न उभा राहतो. घरी मावशी ठेवून निभावले तर उत्तमच. ते शक्य नसेल तर वृद्धाश्रमाचा विचार करावा लागतो. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. आईवडिलांचा मान राखण्याची चौथी आज्ञा पाळण्याची एक वाट तिथूनही जाते; मात्र त्यासाठी आश्रमाची निवड डोळसपणे व्हावयास हवी. अनेकदा ती केवळ दराच्या आकड्यावरून किंवा ओळखीच्या एखाद्याच्या शब्दावरून होते. ही पारख कशी करावी, याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात करीत आहोत.

आधी गरज ओळखावी

आपल्याकडे ‘नर्सिंग होम’ म्हटले की लहान खासगी रुग्णालय डोळ्यांसमोर येते. त्याची नोंदणी १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्यानुसार होते. परदेशात मात्र याच शब्दाने परावलंबी वृद्धांच्या कायमस्वरूपी निवासाचा बोध होतो. आपल्याकडील वृद्धाश्रमांतही दोन प्रकार आहेत. काही आश्रम फक्त चालत्याफिरत्या ज्येष्ठांना घेतात, तर काही अंथरुणावरील रुग्णांचीही शुश्रूषा करतात. पहिल्या प्रकारच्या आश्रमात दुसऱ्या प्रकारची व्यक्ती ठेवली, तर हाल होणे अटळ आहे.

यासाठी एक सोपी कसोटी उपयोगी पडते. अमेरिकेतील डॉ. सिडनी कॅट्झ यांनी १९६३ मध्ये दैनंदिन जीवनातील सहा गोष्टींची यादी प्रसिद्ध केली : आंघोळ, कपडे घालणे, शौचास जाणे, अंथरुणातून उठून खुर्चीत बसणे, मलमूत्रावर ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणे. यांपैकी किती गोष्टी आपल्या वडीलधाऱ्यांना स्वतः करता येतात, हे प्रथम कागदावर लिहावे. पुढे त्यांची प्रकृती खालावली तर त्यांना तिथेच ठेवून घेतले जाईल की घरी न्यावयास सांगितले जाईल, हेही प्रवेशापूर्वीच विचारावे.

गुणवत्तेची तीन अंगे

आरोग्यसेवेचा दर्जा कसा मोजावा याचा पाया डॉ. अवेदिस डोनाबेदियन यांनी १९६६ मध्ये घातला. त्यांनी तीन अंगे सांगितली : साधने, कार्यपद्धती आणि परिणाम. इमारत, खाटा, मनुष्यबळ ही साधने. सेवा प्रत्यक्षात कशी दिली जाते ती कार्यपद्धती. त्यातून वृद्धाच्या शरीराची व मनाची जी स्थिती राहते तो परिणाम. पाहुण्याच्या नजरेस प्रथम साधने पडतात. संगमरवरी फरशी, बगीचा, रंगीत माहितीपत्रक. वृद्धाचे सुखदुःख मात्र उरलेल्या दोन अंगांवर अवलंबून असते.

अमेरिकेत २००८ पासून शुश्रूषागृहांना एक ते पाच तारे देण्याची शासकीय पद्धत आहे. सुरुवातीची अनेक वर्षे सेवकांच्या संख्येची माहिती गृहे स्वतःच भरून देत. ती विश्वासार्ह नाही असे आढळल्यामुळे २०१८ पासून वेतनपत्रकाच्या नोंदी आधाराला घेतल्या जाऊ लागल्या. यातून आपणही एक धडा घ्यावा : संस्थेने स्वतःविषयी सांगितलेले ऐकून घ्यावे, पण पडताळून पाहावे.

भेट केव्हा आणि कशी द्यावी

एकाच भेटीवर निर्णय घेऊ नये. एक भेट ठरवून द्यावी व दुसरी न कळवता. जेवणाची वेळ, रविवारची दुपार आणि संध्याकाळी दिवेलागणीनंतरची वेळ या तिन्ही बोलक्या असतात. जेवणाच्या वेळी ज्यांना हाताने जेवता येत नाही त्यांच्याकडे पाहावे. कोणी शेजारी बसून घास भरवतो आहे, की ताट समोर ठेवून थोड्या वेळाने तसेच उचलले जात आहे? पाण्याचा पेला वृद्धाच्या हाताला लागेल असा ठेवला आहे, की खिडकीत?

नाकही खूप काही सांगते. एखाद्या खोलीत थोडा वेळ लघवीचा वास येणे स्वाभाविक आहे. सगळ्या इमारतीत तो सतत येत असेल, तर कपडे व चादरी वेळेवर बदलल्या जात नाहीत असे समजावे. फिनेलचा उग्र दर्पही तपासून पाहावा. सेवक वृद्धांना कसे संबोधतात हेही ऐकावे. ‘आजी’, ‘काका’, ‘बाय’ असे नावानिशी बोलावतात, की ‘तीन नंबर’ म्हणतात? आंघोळ घालताना वा कपडे बदलताना पडदा ओढला जातो काय? लहान वाटणाऱ्या या गोष्टींत माणसाची प्रतिष्ठा सामावलेली असते.

रात्री कोण असते?

कोणत्याही आश्रमाचा कणा म्हणजे तेथील सेवकवर्ग. एकूण किती माणसे कामाला आहेत, या प्रश्नापेक्षा ‘रात्री दोन वाजता किती वृद्धांमागे किती जण जागे असतात?’ हा प्रश्न विचारावा. प्रशिक्षित परिचारिका किती तास हजर असते, डॉक्टर आठवड्यातून किती वेळा येतात, रात्री प्रकृती बिघडली तर कोणत्या रुग्णालयात व कोणत्या वाहनाने नेतात, याची उत्तरे व्यवस्थापकाला अडखळत न देता यावीत. सेवकांनाही विचारावे की तुम्ही इथे किती दिवस आहात. दर दोन महिन्यांनी माणसे बदलत असतील, तर कोणाला कुठला घास गिळता येत नाही, हे कोणाच्याच ध्यानात राहत नाही.

शरीराची साक्ष

प्रवेशानंतरही पारख थांबत नाही. वृद्ध व्यक्ती तक्रार करीलच असे नाही. भीतीपोटी, संकोचापोटी किंवा मुलांना त्रास नको म्हणून ती गप्प राहते. अशा वेळी शरीर साक्ष देते. पुढील गोष्टींकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

१. शय्याव्रण : एकाच कुशीवर पडून राहिल्याने माकडहाड, टाचा व खुबे येथे जखमा होतात. सुरुवातीस त्वचा लालसर होते व बोटाने दाबली तरी तो रंग जात नाही. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही, म्हणून ती जागा गरम वा कडक लागते का हे हाताने पाहावे. स्वतःहून हलू न शकणाऱ्या रुग्णाची कूस साधारणतः दर दोन तासांनी बदलतात. त्याची नोंदवही असते, ती मागावी.

२. वजन : महिन्यात पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के वजन घटणे ही धोक्याची खूण होय. ५० किलोच्या आजींचे वजन महिन्यात अडीच किलोने घटले, तर कारण विचारलेच पाहिजे. दाताची कवळी बसत नाही, एवढे साधे कारणही असू शकते.

३. औषधे : भरदिवसा सतत गुंगीत असणे हे वयाचे लक्षण नव्हे. कोणते औषध, कोणाच्या चिठ्ठीने व कशासाठी सुरू केले ते पाहावे. सेवकांची सोय व्हावी म्हणून झोपेची गोळी देणे हे अयोग्य होय.

४. बांधून ठेवणे : पडू नये म्हणून खाटेला वा खुर्चीला बांधण्याची प्रथा काही ठिकाणी आढळते. अमेरिकेत १९८७ च्या कायद्याने शुश्रूषागृहातील रहिवाशांना शिक्षा म्हणून वा सोयीसाठी बांधले न जाण्याचा हक्क दिला. बांधल्याने स्नायू दुबळे होतात, जखमा होतात आणि मन खचते. मनगटावरील वळ दुर्लक्षू नयेत.

येथे थोडे तारतम्यही हवे. एखादा वृद्ध पडला म्हणजे हयगय झाली, असे लगेच मानू नये. जिथे कोणीच कधी पडत नाही, तिथे कदाचित कोणाला उठूच दिले जात नसेल. पडल्यावर घरी तत्काळ कळविले काय, डॉक्टरांनी तपासले काय आणि पुन्हा पडू नये म्हणून काय बदल केला, यावरून आश्रमाची नीती कळते. तद्वतच जो आश्रम अतिशय आजारी माणसांना आसरा देतो, तिथे मृत्यूही अधिक होणार. आकड्यांकडे पाहताना हे विसरू नये.

कागदपत्रे आणि कायदा

संस्थेची न्यास म्हणून वा अन्य प्रकारे झालेली नोंदणी पाहावी. करार लेखी असावा. मासिक शुल्कात काय येते व डायपर, औषधे, रुग्णालयाचा खर्च यांपैकी काय वेगळे, अनामत रक्कम केव्हा व किती परत मिळते, हे त्यात स्पष्ट असावे. आजन्म सांभाळाच्या बदल्यात घर किंवा जमीन लिहून मागितली, तर वकिलाच्या सल्ल्याशिवाय सही करू नये. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ नुसार, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट मोडल्यास, न्यायाधिकरणाकडून रद्द करून घेता येते. म्हणून ती अट दस्तात नमूद असणे हिताचे. त्याच कायद्याच्या कलम २४ खाली, सांभाळण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याने ज्येष्ठाला टाकून दिल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद वा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आश्रमात दाखल करून पाठ फिरविणाऱ्यांनी याची जाणीव ठेवावी.

उणीव आढळल्यास प्रथम व्यवस्थापकांशी शांतपणे बोलावे, नंतर विश्वस्तांना लेखी कळवावे व प्रत जवळ ठेवावी. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. मारहाण वा उपासमार यांसारखा गंभीर प्रकार असेल तर पोलिसांकडे जाण्यास विलंब लावू नये.

धर्मग्रामाचा वाटा

श्रद्धावंत वृद्धाला पवित्र मिस्सा, ख्रिस्तप्रसाद व आजाऱ्यांचा अभ्यंगसंस्कार यांची ओढ अन्नापाण्याइतकीच असते. धर्मगुरूंना आत येण्यास मोकळीक आहे काय, हे विचारावयास संकोचू नये. संत जान जुगान यांनी १८३९ च्या हिवाळ्यात फ्रान्समध्ये एका अंध, पक्षाघात झालेल्या वृद्धेला स्वतःच्या खाटेवर जागा दिली व त्यातून ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर’ हा संघ उभा राहिला. १८८२ मध्ये या धर्मभगिनी कोलकात्यास आल्या. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ पासून जुलैचा चौथा रविवार आजीआजोबा व ज्येष्ठांचा जागतिक दिन म्हणून पाळण्यास आरंभ केला.

तो दिवस वर्षातून एकदा येतो. वृद्धांची वाट पाहणे मात्र रोजचे असते. ज्यांना भेटावयास नियमाने कोणी येते, त्यांच्याकडे सेवकांचेही लक्ष अधिक राहते, हा साधा अनुभव आहे. ज्यांची मुले परदेशी आहेत, त्यांच्यासाठी ही जबाबदारी शेजाऱ्यांनी, नातलगांनी, संत व्हिन्सेंट डी पॉल संस्थेच्या सभासदांनी व तरुणांनी वाटून घ्यावी. प्रत्येक धर्मग्रामाने आपले किती वृद्ध कोणकोणत्या आश्रमांत आहेत याची यादी करावी आणि आठवड्यातून एक तरी भेट, वेळ न कळवता, घडेल असे पाहावे. या यादीची सुरुवात येत्या रविवारी मिस्सा संपल्यावर दाराशीच करता येईल.