बावरीनगरची पौर्णिमा

पौषातली थंडी अजून अंगावरून उतरलेली नाही. नांदेडहून अर्धापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, दाभडच्या अलीकडेच आमची जीप थांबते. पुढं गाड्यांची रीघ लागली आहे; आता चालतच जायचं. एका अंगाला केळीच्या बागा, दुसऱ्या अंगाला पानं पिवळी पडत चाललेली हळद आणि मधला सगळा रस्ता पांढराशुभ्र. पांढरी लुगडी, पांढरे सदरे, कडेवरच्या लेकरांच्या अंगातही पांढरं झबलं. ओळखपाळख नसलेली माणसं एकमेकांना "जय भीम" म्हणत, "नमो बुद्धाय" म्हणत पुढं सरकताहेत. आज पौष पौर्णिमा. बावरीनगरच्या महाविहारात धम्म परिषद भरली आहे.

माझ्या पुढं एक आजी चालते आहे. एका हातानं नातवाचा खांदा धरलेला, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी. लुगडं जुनं आहे, पण नीळ घालून असं धुतलंय की उन्हात डोळे दिपावेत.

"कुठून आलात, आजी?"

"मुखेडकडून. रातीच निघालाव बग, माय."

फडक्यात धपाटे आहेत. काल संध्याकाळीच थापले, पाव्हण्याच्या घरी मुक्काम करून आज आणले. फडक्याला तेलाचे गोल डाग पडलेत, तिळाचा वास येतोय. भिक्खूंच्या पात्रात घालायचे आहेत. त्यांचं भोजन बाराच्या आत व्हावं लागतं, म्हणून तिला घाई आहे आणि गुडघे चालू देत नाहीत.

लिंबाच्या सावलीत ती टेकते. नातू पुण्याला नोकरीला असतो. दिवाळीच्या सुट्टीत मित्रांबरोबर काठमांडूला जाऊन आला आहे. तो मोबाइल काढून तिला फोटो दाखवतो. टेकडीवरचा स्वयंभूचा स्तूप, पांढरा घुमट, त्यावर चारी दिशांना रंगवलेले डोळे, वाऱ्यावर ताणलेल्या पाच रंगांच्या पताका. खाली पसरलेली दरी, लांबवर बर्फाचे डोंगर.

"डोळे कसं बघायलेत बग!" आजी फोन डोळ्यांजवळ नेते. मग विचारते, "बाबासाहेब हितंच गेलते का रं?"

हितंच. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरची दीक्षा झाली आणि जेमतेम महिन्याभरानं, प्रकृती पार ढासळलेली असताना, बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले. २० नोव्हेंबरला बुद्ध आणि मार्क्स या विषयावर बोलले. ६ डिसेंबरला ते गेले. आजी तारखा सांगत नाही. "लई थकले होते म्हनं," एवढंच म्हणते आणि फोन परत देते.

काठमांडूच्या दरीशी मराठी माणसाचं नातं त्याआधीचंही आहे. गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी १९०२ साली बुद्धाचा धर्म शोधत तिथं पोचले होते आणि जे पाहिलं त्यानं निराश होऊन परतले. पण शोध त्यांनी सोडला नाही. पुढं त्यांनीच सुत्तनिपात मराठीत आणला, आणि त्या ग्रंथात आमची गोदावरी आहे. बावरी आहे.

मांडवातल्या ध्वनिक्षेपकावरून एक भंतेजी याच बावरीची कथा सांगताहेत. बावरी कोसलातून दक्षिणेत आला, अश्मकांच्या मुलखात गोदेकाठी आश्रम करून राहिला. एका ब्राह्मणानं येऊन पाचशे नाणी मागितली. बावरीनं नुकताच यज्ञ करून सगळं दान केलं होतं, देणार काय? "सात दिवसांत तुझ्या डोक्याची सात शकलं होतील," असा शाप देऊन तो गेला. भ्यालेल्या बावरीनं आपले सोळा शिष्य बुद्धाकडे धाडले. पैठण, माहिष्मती, उज्जैन, विदिशा, कौशांबी, साकेत, श्रावस्ती, हिमालयाच्या पायथ्याचं कपिलवस्तू, कुशिनारा, वैशाली आणि शेवटी राजगृह. सगळं पायी. बुद्धानं सांगितलं, अविद्या हेच ते डोकं, आणि ते फोडते ती विद्या. शाप तिथंच संपला. मला ही आपल्या भागातली सगळ्यात मोठी कथा वाटते. अश्मकांची राजधानी म्हणजे आजचं बोधन, असं अनेक अभ्यासक मानतात, आणि बोधन नांदेडच्या सीमेपलीकडं लगेच आहे.

त्या सोळांतला पिंगिय म्हातारा होता. नजर अधू, अंगात त्राण नाही. परत येऊन तो बावरीला बुद्धाविषयी सांगतो, तेव्हा म्हणतो की शरीर आता तिकडं जात नाही, पण मन तिथंच असतं. भंतेजी हे सांगतात तेव्हा आजी मान हलवते. कुणाला दाखवायला नाही, आपलीच.

"चल रं, निघाली रांग."

काषाय चीवरातले भिक्खू अनवाणी, एकामागे एक येताहेत. लोक चपला काढून दोन्ही कडांना उभे. पात्रांत केळी पडताहेत, लाडू, बिस्किटांचे पुडे. आजीच्या बोटांना गाठ सुटत नाही. नातू पुढं होतो, ती त्याचा हात बाजूला करते आणि दातानं गाठ सोडवते. एकेका पात्रात एकेक धपाटा, दोन्ही हातांनी. शेवटच्या, मिसरूड न फुटलेल्या श्रामणेराच्या पात्रात ती उरलेले दोन्ही ठेवते. वाकता येत नाही, म्हणून जोडलेले हात कपाळाला लावते.

"साधू, साधू, साधू," सगळी रांग म्हणते.

रिकामं फडकं झटकून, चौपदरी घडी करून ती कमरेला खोचते. आज ती परत जाणार नाही. उद्या संध्याकाळपर्यंत ऐकायला बसणार आहे.

परिषद दोन दिवस चालते. पुढच्या पौष पौर्णिमेला नांदेडच्या आसपास असाल तर दाभडला या. पांढरे कपडे घाला, आणि येताना घरी केलेलं काहीतरी फडक्यात बांधून आणा.