दीड लाखांतले सात हजार

मार्च 2012मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीने इलेक्ट्रॉनिक सर्किट्सचा एक अभ्यासक्रम इंटरनेटवर जगासाठी खुला केला. फी नाही, प्रवेशपरीक्षा नाही, वयाची अट नाही. शिकवायला अनंत अगरवाल, आपल्या मद्रास आयआयटीचे माजी विद्यार्थी. नावं नोंदवली 1,54,763 जणांनी. प्रमाणपत्र मिळालं 7,157 जणांना.

शंभरातले पाचसुद्धा नाहीत! एखाद्या शाळेत एवढी गळती झाली असती तर गावात हाहाकार माजला असता. पण ही गळती नेमकी कुठे झाली ते पाहू लागलं की मी दर वेळी थक्क होतो. संगणकावर प्रत्येकाच्या पावलाची नोंद राहते, म्हणून ते पाहता येतं. पहिला गृहपाठ नुसता उघडून पाहिला 69,221 जणांनी. त्यात निदान एक गुण मिळवला 26,349 जणांनी. म्हणजे नाव नोंदवलेल्या दर सहांतले पाच जण उंबऱ्यावरूनच परतले. पुढे मात्र माणसं चिवटपणे टिकली. मध्यावधी परीक्षेत 9,318 जण उत्तीर्ण झाले. या आकड्याशेजारी ते 7,157 ठेवून पाहा.

मग या सगळ्याला गळती म्हणायचं का? शाळा अर्धवट सुटते तेव्हा मुलाच्या हातचं काहीतरी हिरावलं जातं. इथे येणं एका क्लिकचं, जाणंही तितकंच सोपं. कीर्तनाच्या मंडपाशी घटकाभर थांबून पुढे गेलेल्या माणसाला कुणी ‘कीर्तन सोडलं’ म्हणत नाही. आणि वर्षाला दोनशे विद्यार्थी शिकवणाऱ्या प्राध्यापकाला सात हजारांचा पल्ला गाठायला पस्तीस वर्षं लागतील, हेही विसरू नये.

तरी खरंच शिकायचं होतं आणि तरीही सुटलं, असेही असंख्य असतात. त्यांच्यासाठी एक उपाय जवळजवळ अडीचशे अभ्यासक्रमांत, सुमारे अडीच लाख विद्यार्थ्यांवर करून पाहिला गेला. सुरुवातीलाच त्यांना सांगितलं, अभ्यास कधी आणि कुठे बसून करणार, ते लिहा. 2020मध्ये निष्कर्ष छापून आले. पहिले काही आठवडे थोडा फरक पडला, मग तोही विरला. नुसत्या संकल्पाचं बळ तेवढंच पुरतं.

मग आणखी काय लागतं? एमआयटीच्या त्या सर्किट्सच्या अभ्यासक्रमात 340 जणांना पैकीच्या पैकी गुण मिळाले. त्यांतला एक होता मंगोलियातल्या उलानबातरचा पंधरा वर्षांचा मुलगा. पुढे तो एमआयटीतच शिकायला गेला. त्याची हुशारी मोठीच, पण त्याचे मुख्याध्यापक स्वतः एमआयटीचे पदवीधर होते. त्यांनी हा अभ्यासक्रम शाळेत आणला, मुलांचा एक वर्ग जमवला, आणि प्रयोगांचं साहित्य घेऊन एक शिक्षक परदेशातून तिथे येऊन राहिला. पडद्यावरच्या व्याख्यानांतून ही मुलं एकत्र बसून शिकत होती.