जाड भिंतीतलं दार, चौकट कुठे बसवाल?

जुन्या घराच्या जाड भिंती हे त्या घराचं वैभव. हल्लीच्या विटांच्या भिंती साडेचार किंवा नऊ इंचांच्या असतात, तर जुन्या वाड्यांत दीड-दोन फुटांची भिंतही सहज आढळते. पण चौकट असते जेमतेम चार-पाच इंच जाडीची. आतल्या खोलीचं कुजलेलं दार बदलायची वेळ आली की प्रश्न पडतो, ही चौकट एवढ्या जाडीत नेमकी कुठे बसवायची?

पुष्कळदा ती मधोमध बसवली जाते. दिसायला बरं वाटतं. पण दार काटकोनाइतकंच उघडून भिंतीच्या कडेवर आपटतं. उघडं दार वाटेतच उभं राहतं, तिची रुंदी कमी होते. मग पलंग आत जात नाही, आजींची चाकाची खुर्ची अडते. म्हणून ज्या खोलीत दार उघडणार, त्या बाजूच्या गिलाव्याशी समपातळीत चौकट घ्या. दार भिंतीलगत मागे जाईल.

आधी भिंत तपासा

जाड भिंतीवर बहुधा माडीचा किंवा छपराचा भार असतो. दार रुंद करायचं वा नवं पाडायचं असेल, तर इंजिनिअरच्या सल्ल्याशिवाय घण घालू देऊ नका. भिंतीत ओल असेल तर ती आधी थांबवा. ओलसर भिंतीला लाकूड लावणं म्हणजे वाळवीला आमंत्रण!

चौकट ओळंब्यात हवी

चौकटीच्या भिंतीकडच्या बाजूला वाळवीरोधक औषध लावून घ्या. दोन्ही बाजूंना तीन-तीन होल्डफास्ट असावेत. ओळंबा समोरून आणि बाजूने, असा दोनदा लावायला सांगा. दोन्ही कर्ण सारखे भरले तर चौकट काटकोनात आहे असं समजा. दाराभोवती सुमारे तीन मिलिमीटर फट ठेवा. पावसाळ्यात लाकूड फुगतं. तेव्हा रंधून बसवलेलं दार उन्हाळ्यात सैल पडतं.

अस्तर आणि पट्टी

उरलेल्या जाडीला गुळगुळीत गिलावा केला तर खर्च कमी. लाकडी अस्तर हवं असेल, तर भिंतीची जाडी वर, मध्ये आणि खाली, दोन्ही बाजूंना मोजा. जुन्या भिंती क्वचितच एकसारख्या असतात. फळी त्या मापानेच कापावी लागते. तिची कड गिलाव्याच्या पातळीत आली तरच वरची पट्टी नीट बसते.

लाकूड आणि गिलावा यांच्या सांध्यात आज ना उद्या भेग पडतेच. दोन-अडीच इंची पट्टी ती झाकते. कोपऱ्यात पट्ट्या पंचेचाळीस अंशांत कापून जोडाव्यात. मात्र पट्टी भेग झाकते, वाकडी चौकट नाही.

म्हणूनच पट्ट्या ठोकण्यापूर्वी एक परीक्षा घ्या. दार अर्धवट उघडून सोडून द्या. जिथे सोडलं तिथेच थांबलं, तर काम चोख. आपोआप मिटलं किंवा उघडत गेलं, तर चौकट ओळंब्यात नाही. तेव्हाच दुरुस्त करून घ्या, म्हणजे पुढे वर्षानुवर्षं दाराला धोंडा लावावा लागणार नाही.