एक मिठाई आणि मुलाचं भविष्य

पालकसभा असो, उन्हाळी शिबिर असो नाहीतर व्हॉट्सअॅपचा ग्रुप, एक गोष्ट हमखास सांगितली जाते. चार वर्षांच्या मुलासमोर एक मिठाई ठेवायची आणि म्हणायचं, 'मी बाहेर जाऊन येते. तोवर खाल्ली नाहीस, तर दोन मिळतील.' जी मुलं थांबली ती पुढे हुशार निघाली, ज्यांनी लगेच गट्टम केली ती मागे पडली. तात्पर्य काय, तर संयम हाच यशाचा मंत्र! मी हे निदान चार-पाच व्याख्यानांत ऐकलंय. व्याख्यान संपलं की आया एकमेकींकडे बघतात. 'आमचं ध्यान तर बशीसकट खाईल गं!' वरवर हसू, पण आत कुठेतरी पाल चुकचुकतेच.

म्हणूनच मैत्रिणींनो, या गोष्टीचा पुढचा भाग सांगायला हवा. तो व्याख्यानात सहसा येत नाही.

प्रयोग खरा आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञांनी तो सुरू केला. मार्शमॅलो नावाची कापसासारखी मऊ मिठाई त्यात असे, म्हणून त्याला 'मार्शमॅलो टेस्ट' म्हणतात. खरं तर लहान मुलं मोह कसा आवरतात, एवढंच मिशेलना बघायचं होतं. कुणी डोळे झाकून घेई, कुणी गाणी म्हणे. अनेक वर्षांनी त्यांनी त्यातल्या काही मुलांची माहिती पुन्हा गोळा केली. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या लेखात दिसलं, की जास्त वेळ थांबलेल्या मुलांना कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेत जास्त गुण होते. झालं! पुस्तकांतून, भाषणांतून गोष्ट जगभर पसरली.

पण ही मुलं कोण होती? बहुतेक त्याच विद्यापीठातल्या प्राध्यापकांची आणि विद्यार्थ्यांची. घरात पुस्तकं, खाऊचे डबे भरलेले. आणि त्या निष्कर्षामागची मुलं होती किती? शंभरही नव्हती. नमुना लहान आहे, त्यामुळे हा संबंध आहे त्यापेक्षा मोठा दिसत असू शकेल, असं मिशेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःच त्या लेखात लिहिलं होतं. गोष्ट पसरली, इशारा मात्र मागे राहिला.

२०१८ साली टायलर वॉट्स, ग्रेग डंकन आणि हाओनान क्वान या तिघांनी हा संबंध पुन्हा तपासला. या वेळी मुलं होती ९१८. त्यातल्या ५५२ जणांच्या आयांचं कॉलेजशिक्षण पूर्ण झालेलं नव्हतं आणि या तिघांनी मुख्य भर त्याच मुलांवर दिला. चौथ्या वर्षी किती थांबली आणि पंधराव्या वर्षी अभ्यासात कशी आहेत, हे ताडून बघितलं. संबंध दिसला, पण पूर्वीच्या निम्मा. मग घरची परिस्थिती, घरातलं वातावरण आणि मुलाची लहानपणची समज हेही हिशेबात घेतलं, तर त्या निम्म्यातलेही दोन भाग गळाले, एकच उरला. त्यापुढचा अभ्यास २०२४ साली आला. तीच मुलं आता सव्वीस वर्षांची झाली होती. लहानपणीच्या त्या चाचणीवरून त्यांच्या मोठेपणाचं खात्रीनं काहीच सांगता येईना.

आणखी एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. रॉचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड यांनी केलेला, २०१३ सालचा. मिठाईच्या आधी मुलांना चित्र काढायला बसवलं आणि 'छान रंग आणून देते' असं सांगितलं. निम्म्या मुलांना रंग मिळाले, निम्म्यांना 'अगं, संपले वाटतं' असं ऐकावं लागलं. मग समोर मिठाई. शब्द पाळलेला पाहिलेली मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली, फसलेली मुलं तीनच मिनिटं! म्हणजे लगेच खाणारं मूल हावरट नसेलही. 'नंतर'चं काही खरं नसतं, हे ते शिकलेलं असेल. अर्थात हा प्रयोगही फक्त २८ मुलांचा. त्यामुळे तोही कुणीतरी पुन्हा करून बघायलाच हवा.

हे एकाच प्रयोगाचं झालं असंही नाही. २०१५ साली जगभरच्या संशोधकांनी मिळून मानसशास्त्रातले शंभर प्रयोग पुन्हा केले. मुळात त्यातल्या ९७ टक्के प्रयोगांत ठोस परिणाम दिसल्याचा दावा होता. पुन्हा केल्यावर तो ३६ टक्क्यांतच दिसला. सगळ्यांनी खोटेपणा केला होता का? नाही. कमी माणसांवर प्रयोग केला की योगायोगही नियमासारखा दिसतो. शिवाय 'काही सापडलं' हे छापून येतं, 'काही सापडलं नाही' हे कपाटातच राहतं.

आपल्याला हे नवं नाही. शेजारणीची लोणच्याची कृती आपण लगेच वहीत उतरवत नाही. आपल्या कैऱ्या, आपलं मीठ घेऊन करून बघतो. बहिणीकडे, जावेकडेही जमलं तर ती कृती पक्की. विज्ञानातही तेच. एकदा दिसलं म्हणजे सिद्ध झालं असं नाही, दुसऱ्याच्या हातूनही तसंच यावं लागतं.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी 'संशोधन सांगतं' म्हणालं, मग ते मुलांच्या बुद्धीबद्दल असो की एखाद्या पावडरीबद्दल, तर बिनधास्त तीन प्रश्न विचारा. किती जणांवर केलं? ते कोण होते? दुसऱ्या कुणी करून बघितलं का?

मुलांना धीर धरायला जरूर शिकवा, चांगलीच सवय आहे ती. पण चार वर्षांच्या पोरानं लाडू पटकन तोंडात टाकला म्हणून त्याच्या दहावीची काळजी आत्तापासून नको. त्यापेक्षा 'संध्याकाळी देते' म्हटलेला दुसरा लाडू आठवणीनं द्या.