खेळमालेंत प्रवेश कोणत्या दारानें करावा?

पुस्तक असो, शास्त्र असो किंवा खेळ असो, त्याचा आरंभ कोठून करावा हा प्रश्न दिसावयास लहान, पण परिणामानें मोठा आहे. ज्याला आरंभींच अवघड दार दाखविलें जातें, तो बहुधा दाराला दोष देत नाहीं. ‘हें आपल्या अंगीं नाहीं’ असें म्हणून तो स्वतःलाच दोष देतो आणि परत फिरतो. गणिताच्या बाबतींत असें किती वेळां घडतें, हें शिक्षकांस ठाऊक आहे. व्हिडिओ गेमच्या बाबतींतहि तेंच घडतें, मात्र तेथें त्याची दखल कोणी घेत नाहीं.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांस व्हिडिओ गेमची गोडी आहे व त्यांच्या पालकांस त्या गोडीची धास्ती आहे. ह्या दोन पक्षांचा वाद येथें मिटविण्याचा आमचा विचार नाहीं. खेळावयाचेंच असेल तर चांगला खेळ निवडावा, व त्यांत योग्य दारानें शिरावें, एवढेंच आमचें सांगणें आहे. तें स्पष्ट करण्यासाठीं आम्ही एकाच प्रसिद्ध मालेचें उदाहरण घेतों. ती माला म्हणजे जपानांतील निन्टेंडो कंपनीची ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ ही होय.

निन्टेंडो ही कंपनी १८८९ सालीं क्योटो शहरांत पत्ते तयार करण्यासाठीं स्थापन झाली. झेल्डा मालेचा पहिला खेळ तिनें १९८६ च्या फेब्रुवारींत जपानांत प्रसिद्ध केला. त्याचे मुख्य कल्पक शिगेरु मियामोतो यांचें बालपण क्योटोजवळच्या सोनोबे गांवीं गेलें. लहानपणीं डोंगरांत भटकतांना अवचित तळें दिसावें, गुहेंत कंदील घेऊन शिरावें, ह्या अनुभवांचा आनंद इतरांस घरबसल्या द्यावा, हें त्या खेळाचें बीज होतें. लिंक नांवाचा एक मुलगा ढाल-तलवार घेऊन हायरूल नांवाच्या देशांत फिरतो, भुयारांतील कोडीं सोडवितो, आणि शेवटीं बहुतेक वेळां झेल्डा ह्या राजकन्येला व तिच्या राज्याला संकटांतून सोडवितो. तेव्हांपासून आजपर्यंत ह्या मालेंत वीसांच्या आसपास मुख्य खेळ निघाले आहेत. दुकानांत गेलेल्या आईबापांनीं ह्यांतून कोणता उचलावा?

ह्या प्रश्नाला सामान्यतः चार उत्तरें मिळतात.

पहिलें उत्तर असें कीं, जो प्रथम निघाला तो प्रथम खेळावा. हें उत्तर सरळ दिसतें, परंतु १९८६ चा खेळ त्या काळच्या मुलांसाठीं रचलेला होता. त्याच्या आरंभीं लिंक एका मोकळ्या जागेंत उभा असतो. जवळच्या गुहेंत एक म्हातारा त्याला लांकडी तलवार देतो, आणि पुढें कोठें जावें हें कोणी सांगत नाहीं. कोणतें झुडूप जाळलें असतां जिना सांपडेल, कोणती भिंत सुरुंगानें फुटेल, ह्याची खूण बहुधा नसते. त्या वेळीं पेटींत छापील नकाशा मिळत असे, आणि शाळेंत भेटलेल्या मित्रांनीं आपापलीं गुपितें एकमेकांस सांगावीं, अशी कल्पकांची अपेक्षा होती. आज तो नकाशा नाहीं, आणि एकाच वेळीं तोच खेळ खेळणारे दहा मित्रहि नाहींत. १९८७ चा दुसरा खेळ तर ह्याहून कठीण असून त्याची धाटणीहि निराळी आहे. ज्याला मालेचा इतिहास पाहावयाचा आहे त्यानें हे खेळ अवश्य पाहावे. परंतु नवशिक्यास ते उंबरठ्यावरच अडवितात.

दुसरें उत्तर असें कीं, कथेच्या कालक्रमानें जावें. निन्टेंडोच्या सहकार्यानें २०११ च्या अखेरीस जपानांत निघालेल्या ‘हायरूल हिस्टोरिया’ ह्या ग्रंथांत सर्व कथांचा क्रम दिलेला आहे. त्याप्रमाणें पहिली कथा ‘स्कायवर्ड स्वॉर्ड’ ह्या खेळाची. पण तो खेळ निघाला २०११ सालीं! शिवाय ‘ऑकरिना ऑफ टाइम’ ह्या खेळानंतर कालप्रवाहाच्या तीन शाखा होतात असें तो ग्रंथ सांगतो. म्हणजे खेळ आधीं झाले आणि त्यांची एकत्र वंशावळ पंचवीस वर्षांनीं प्रसिद्ध झाली. वंशावळ वाचण्याची गोडी घराण्याशीं ओळख झालेल्यासच लागते. तलवारीचा उगम कसा झाला, हें ती तलवार पूर्वीं हातांत धरलेल्याला ऐकावेंसें वाटतें. नव्या माणसास त्याचें कौतुक काय?

तिसरें उत्तर असें कीं, जो सर्वांत नांवाजलेला आहे तो घ्यावा. ह्या मालेंत तो मान पुष्कळ जाणकार १९९८ च्या ‘ऑकरिना ऑफ टाइम’ला देतात. चारी बाजूंनीं फिरतां येईल अशा खोलीच्या जगांत ही माला त्या खेळानें प्रथम आणली. एक बटन दाबून शत्रूवर नजर खिळवून ठेवण्याची युक्ति त्यानें रूढ केली, व पुढें असंख्य खेळांनीं ती उचलली. पण ह्यामुळेंच एक विचित्र गोष्ट घडते. ज्या नावीन्यानें १९९८ सालीं लोक थक्क झाले, तें आज सर्वत्र दिसत असल्यामुळें नव्या खेळाडूच्या लक्षांतहि येत नाहीं. जुनीं चित्रें व जुनी संथ गति मात्र लक्षांत येते. हा खेळ दुसरा किंवा तिसरा म्हणून खेळल्यास त्याची थोरवी कळते.

चौथें उत्तर असें कीं, सर्वांत नवा व भव्य असेल तो घ्यावा. परंतु २०२३ चा ‘टिअर्स ऑफ द किंग्डम’ हा २०१७ च्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ची पुढची कथा आहे. तींत आकाशांतील बेटें, जमिनीखालचें जग आणि फळ्या व चाकें जोडून वाहनें बनविण्याची कला, हें सर्व एकदम येऊन पडतें. आधींच्या खेळाच्या सर्व संवयी अंगीं असलेल्याला ती मेजवानी आहे. इतरांस तें अजीर्ण होण्याचा संभव आहे.

मग निवड कशानें करावी? हा विचार आपल्यास नवीन नाहीं. महाभारताचीं पर्वें अठरा आहेत, म्हणून कोणी आजी नातवंडांस आदिपर्वापासून क्रमवार सांगावयास बसत नाहीं. ती एकलव्याची किंवा अभिमन्यूची गोष्ट सांगते. पवित्र शास्त्र पहिल्या पानापासून वाचूं लागलेले कित्येक वाचक लेवीय ह्या पुस्तकाच्या विधिनियमांत अडखळतात. म्हणून नव्या वाचकाच्या हातीं पुष्कळदां मार्ककृत शुभवर्तमान देतात. तें सोळाच अध्यायांचें, चारी शुभवर्तमानांत सर्वांत लहान, परंतु स्वतः पूर्ण आहे. ह्यांतून तीन कसोट्या निघतात. आरंभाचा भाग स्वतःपुरता पूर्ण असावा, म्हणजे मागचें कांहीं ठाऊक नसलें तरी अडूं नये. तो आटोक्यांतला असावा, म्हणजे शेवटास नेतां यावा. आणि पुढें जें जें लागणार, त्याचें वळण त्यानें हळूहळू लावावें.

ह्या तिन्ही कसोट्यांस उतरणारा खेळ आमच्या मतें ‘लिंक्स अवेकनिंग’ हा आहे. तो प्रथम १९९३ सालीं हातांत धरावयाच्या ‘गेम बॉय’ यंत्रासाठीं निघाला, आणि २०१९ सालीं ‘स्विच’ ह्या यंत्रासाठीं नव्या सुंदर चित्रांनिशीं पुनः तयार झाला. नवशिक्यानें ही २०१९ ची आवृत्ति घ्यावी. ह्यांतील कथा हायरूल देशांत घडतच नाहीं, आणि राजकन्या झेल्डाहि तींत नाहीं. गलबत फुटून लिंक कोहोलिंट नांवाच्या एका बेटाला लागतो. तेथील डोंगराच्या माथ्यावर एका प्रचंड अंड्यांत ‘वायुमत्स्य’ झोंपलेला आहे. त्याला जागें करण्यासाठीं आठ भुयारांतून आठ वाद्यें मिळवावयाचीं. एवढें ठाऊक असलें कीं पुरे. कथेचा शेवट आम्ही सांगणार नाहीं. परंतु तो मुलांस विचार करावयास लावणारा आहे, एवढें म्हणतों.

हा खेळ शिकवितो कसा, हें पाहण्यासारखें आहे. लिंक जागा होतो तेव्हां त्याच्यापाशीं तलवार नसते. त्याला त्याची ढाल परत मिळते. समुद्रकिनाऱ्याच्या वाटेवर कांटेरी जलप्राणी आडवे पडलेले असतात. त्यांस ढालीनें ढकलल्याशिवाय वाट मिळत नाहीं. म्हणजे ढालीचा उपयोग एका शब्दाचेंहि व्याख्यान न देतां समजतो. किनाऱ्यावर तलवार सांपडते, आणि एक घुबड येऊन पुढची दिशा सुचवितें. पहिल्या भुयारांत उडी मारण्याचें पीस मिळतें. मग पूर्वीं जे खड्डे अडवीत होते ते ओलांडतां येतात. दुसऱ्यांत मनगटाचा पट्टा मिळतो. मग वाटेंतले धोंडे उचलतां येतात. जेथून आपण हताश होऊन परतलों होतों, तीच वाट नव्या साधनानें मोकळी होते. हें सर्व झेल्डा मालेचें जणूं व्याकरण आहे. मोठ्या वाड्याच्या महादरवाजांत लहान दिंडी असते व रोजचें जाणेंयेणें तिच्यांतूनच होतें, तसा हा खेळ आहे. येथें हें व्याकरण ज्याच्या अंगवळणीं पडलें, त्याला १९९१ चा ‘अ लिंक टु द पास्ट’ व त्यानंतर ‘ऑकरिना ऑफ टाइम’ हे खेळ परके वाटत नाहींत.

सर्व मुलें एका सांच्याचीं नसतात. कोणास क्रमानें कोडें उलगडण्यांत आनंद वाटतो, तर कोणास रानोमाळ भटकण्यांत. ह्या दुसऱ्या प्रकारच्या मुलासाठीं २०१७ चा ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ हेंहि योग्य दार आहे. त्याचा आरंभ उंच कड्यांनीं वेढलेल्या एका पठारावर होतो. तेथील चार देवळांत चार निरनिराळ्या शक्ती मिळतात, आणि त्या वापरावयास शिकल्यावरच खालीं तरंगत उतरण्याचें साधन मिळतें. पठार ही एक छोटी शाळाच आहे. त्यानंतर मात्र खेळाडूनें कोठेंहि जावें, पाहिजे तर थेट अखेरच्या शत्रूवर चाल करावी. हें स्वातंत्र्य कांहींस उत्साह देतें, तर कांहींस गोंधळांत टाकतें. आपलें मूल कोणत्या जातीचें आहे, हें आईबापांवांचून कोण ओळखणार? ज्या मुलींस राजकन्येनें नेहमीं सुटकेची वाट पाहत बसावें हें खटकतें, त्यांनीं २०२४ चा ‘एकोज ऑफ विज्डम’ पाहावा. त्यांत झेल्डा हीच नायिका आहे, आणि ती बळापेक्षां युक्तीनें काम साधते.

आतां पालकांसाठीं चार शब्द. हे खेळ मराठींत उपलब्ध नाहींत. त्यांतील संवाद इंग्रजींत वाचावे लागतात. ज्याचें इंग्रजी कच्चें आहे त्या मुलाजवळ वडील भावंडानें किंवा आईबापांनीं बसून वाचण्यास मदत करावी. त्यांत भाषेचा अभ्यास होतो व संगतहि होते. खेळांत राक्षसांशीं तलवारीची लढाई आहे, परंतु ‘लिंक्स अवेकनिंग’मध्यें रक्तपात दाखविलेला नाहीं. वेळाचा हिशेब आधींच करावा. हा खेळ साधारणपणें १५ तासांत पुरा होतो. शनिवारीं व रविवारीं एकेक तास दिला तर सुमारें दोन महिने लागतात. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ची मुख्य कथाच ५० तासांच्या घरांत जाते, त्याच बेतानें तीस अर्धें वर्ष लागेल. ह्या खेळांची किंमतहि थोडी नसते. म्हणून अंथरूण पाहून पाय पसरावे, आणि एक खेळ पुरा झाल्याशिवाय दुसरा घेऊं नये.

विद्यार्थिमित्रांनीं दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. कोडें अडलें कीं लगेच दुसऱ्याचें उत्तर पाहूं नये. एक रात्र त्यावर जाऊं द्यावी. पुष्कळ कोडीं सकाळीं आपोआप सुटतात, आणि तो आनंद विकत मिळत नाहीं. दुसरें असें कीं, तीन-चार आठवडे मनापासून प्रयत्न करूनहि एखादा खेळ रुचला नाहीं, तर तो खुशाल बाजूस ठेवून मालेंतील दुसरा खेळ घ्यावा. त्यांत कमीपणा नाहीं. आणि तुमच्या पाठची बहीण किंवा धाकटा भाऊ ‘मलाहि शिकव’ म्हणून आला, तर तुम्हांस आज जो खेळ सर्वांत आवडतो तो त्याच्या हातीं देऊं नका. ज्यांतून त्याला स्वतःच्या पायांनीं आंत येतां येईल असा द्या, आणि तो अडखळला तर हंसूं नका.