कोर्लईची 'नो लिंग': एका गावाची भाषा

पालीहून बोलतोय. बल्लाळेश्वराची पाली नव्हे हां, आमची रत्नागिरीतली, मुंबई-गोवा हायवेवरची. आज आपल्याच कोकण किनाऱ्यावरच्या एका भाषेबद्दल. आख्ख्या जगात ती एकाच गावाची भाषा आहे.

गाव कोर्लई, जिल्हा रायगड. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे, किल्ल्याच्या पायथ्याशी. भाषेचं नाव 'नो लिंग'. हसू नका! हे 'लिंग' पोर्तुगीज 'लिंग्वा'वरून आलंय. म्हणजे जीभ, भाषा. नो लिंग म्हणजे 'आमची भाषा'. बोलणारे सुमारे हजारभर, इथले कॅथलिक लोक.

ती आली कुठून? १५२१ साली पोर्तुगीजांनी चौलला किल्ला बांधायला घेतला. ते आणि इथली माणसं एकत्र राहू लागली, संसार झाले, त्यातून ही मिश्र भाषा घडली. १७४० मध्ये चौल मराठ्यांकडे आलं. पोर्तुगीज गेले, भाषा राहिली. एकीकडे समुद्र, दुसरीकडे खाडी, त्यात धर्म वेगळा. बेट नसूनही गाव बेटासारखंच राहिलं.

आता गंमत ऐका. शब्द बरेचसे पोर्तुगीज, पण वाक्याची चाल मराठी! पोर्तुगीजमध्ये 'मी खातो भात' असा क्रम असतो. कोर्लईत क्रियापद आपल्यासारखं शेवटी जातं. आणि आपणही कमी घेतलेलं नाही: पाव, बटाटा, चावी, बादली, पगार, सगळे पोर्तुगीजांकडून आलेले.

मग धोका कुठेय? शाळा मराठी, बाजार मराठी, टीव्ही मराठी-हिंदी, आणि नोकरीला मुंबई. बंदी कुणीच घातलेली नाही. पण पोरांशी घरातही मराठीच बोललं, की एका पिढीत काम तमाम. इंग्रजी मराठीला गिळतेय म्हणून आपण ओरडतो ना? कोर्लईत मोठा मासा आपण आहोत.

उपाय आहे का? पॅसिफिकमधल्या पॉलिनेशियन भाषांपैकी एक, न्यूझीलंडची माओरी, अशीच आटत चालली होती. १९८२ मध्ये तिथे 'कोहांगा रेओ' सुरू झाले, म्हणजे 'भाषेचं घरटं'. बालवाडीच, पण आजी-आजोबांच्या पिढीतली माणसं चिमुरड्यांशी फक्त माओरीत बोलणार. साधी युक्ती: भाषा पुस्तकात जपायची नाही, पोरांच्या तोंडी द्यायची.

आपल्या संगमेश्वरी बोलीलाही हेच लागू. आज आजीला फोन करा, आणि प्रमाण मराठी बाजूला ठेवून तिच्याच बोलीत बोला. भेटूया पुढच्या भागात!