बेथलेहेमला निघालेलं गाव

दक्षिण फ्रान्सच्या प्रोव्हान्स प्रांतात नाताळ ४ डिसेंबरला, संत बार्बराच्या दिवशी सुरू होतो. घरातली मुलं तीन बशांत ओला कापूस पसरून त्यावर गहू टाकतात, कुठे मसूरही, आणि रोज थोडं पाणी शिंपडतात. नाताळपर्यंत कोंब हिरवेगार, सरळ उभे राहिले तर येतं वर्ष पिकापाण्याचं, असं जुनी माणसं मानतात. मग या बशा जेवणाच्या टेबलावर आणि येशूजन्माच्या देखाव्यात जातात. सण सरल्यावर कोंब शेतात लावायची रीत होती. दिवाळीत किल्ल्यावर अळीव पेरणाऱ्या आपल्या मुलांना हा खटाटोप वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

नाताळच्या झाडाच्या सर्वांत जुन्या लेखी उल्लेखांपैकी एक फ्रान्सच्या दुसऱ्या टोकाला, अल्सासमधल्या सेलेस्ता गावच्या १५२१ सालच्या हिशेबात सापडतो. प्रोव्हान्समध्ये झाड फार उशिरा आलं. इथे मान आहे तो सांतोन म्हणजे ‘छोटा संत’ या मातीच्या बाहुलीचा. काही सांतोन तर बोटाच्या पेराएवढेच असतात.

येशूजन्माचे मोठे देखावे पूर्वी चर्चमध्ये मांडले जात. १७९३-९४ मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीतल्या क्रांतिकारकांनी चर्चना टाळी लावली, मध्यरात्रीची मिस्सा थांबली आणि देखावा पाहायला जायची जागाच उरली नाही. सधन घरांत छोटे देखावे त्याआधीही असत. पण सामान्यांच्या घरात ते पोचले ते मार्सेयच्या ज्याँ-लुई लान्येल (१७६४–१८२२) यांच्यासारख्या कारागिरांमुळे. लान्येल प्लास्टरच्या साच्यात माती दाबून छोट्या मूर्ती काढत, त्या उन्हात वाळवत आणि रंगवत. साच्यामुळे मूर्ती स्वस्त झाली. १८०३ साली मार्सेयला सांतोनांची जत्रा भरली आणि ती आजही भरते. पुढे ओबान्य या कुंभारांच्या गावातल्या तेरेझ नव्हो (१८६६–१९४६) यांनी मूर्ती भट्टीत भाजायला सुरुवात केली. कच्च्या मातीचा हात जरा धक्का लागला की तुटायचा, भाजलेली मूर्ती आजीकडून नातीकडे जाऊ लागली.

या मूर्तींमध्ये मारिया, जोसेफ, बैल आणि गाढव आहेतच. पण देखावा खरा भरतो तो बाकीच्यांनी. पिठाचं पोतं घेतलेला गिरणीवाला, मासे विकणारी, सुऱ्यांना धार लावणारा, मोळीवाली म्हातारी, मुलाच्या खांद्यावर हात ठेवून चालणारा आंधळा, ढोलवाला. त्यांचे कपडे एकोणिसाव्या शतकातल्या प्रोव्हान्सचे. डोंगर चुरगळलेल्या कागदाचे, गवत शेवाळाचं, झाडं रानातल्या सुगंधी झुडपांच्या डहाळ्यांची. प्रत्येक जण आपल्या धंद्यातलं काहीतरी घेऊन निघालेला असतो. एकाच्याच हातात काही नसतं. तो म्हणजे ‘रावी’, गावातला भोळा माणूस. दोन्ही हात वर करून तो नुसता आनंदाने पाहत उभा असतो. सगळ्या देखाव्यात मला तो सर्वांत जवळचा वाटतो. क्रांतिकारकांनी धर्म बंद केला तेव्हा लोकांनी बेथलेहेमच आपल्या गल्लीत आणलं आणि आपल्या माणसांना तिथे उभं केलं. बाळ येशू मात्र २४ डिसेंबरच्या मध्यरात्रीपर्यंत ठेवत नाहीत, आणि तीन राजे येतात ६ जानेवारीला.

२४ च्या रात्री घरात आधी ‘काशो-फियो’ होतं. फळझाडाचा, बहुतेक वेळा ऑलिव्ह, चेरी, नासपती किंवा बदामाचा ओंडका घरातली सर्वांत वयस्कर व्यक्ती आणि सर्वांत लहान मूल मिळून उचलतात, टेबलाभोवती तीन फेऱ्या घालतात, त्यावर तीनदा वाइन शिंपडतात आणि तो चुलीत सरकवतात. तेव्हा पुढच्या वर्षी आपण वाढलो नाही तरी निदान कमी होऊ नये, असं मागणं मागतात. मोजक्या शब्दांत घराची सगळी धाकधूक त्यात येते.

मग ‘मोठं जेवण’. नाव मोठं, पण ते उपवासाचं, मांसाविना. तीन पांढरे टेबलक्लॉथ एकावर एक, तीन मेणबत्त्या, आणि अवचित आलेल्या गरिबासाठी एक जास्तीचं ताट. खारवलेला कॉड मासा, गोगलगायी, पालक, काटेरी कार्डून भाजीचे देठ, अँचोव्ही माशांच्या चटणीबरोबर सेलरी. जेवण झाल्यावर टेबल आवरत नाहीत. उरलेले कण रात्री येणाऱ्या पूर्वजांच्या आत्म्यांसाठी असतात.

गोडाधोडाचे पदार्थ तेरा. अंजीर, मनुका, बदाम आणि अक्रोड किंवा हेझलनट हे चार ‘भिक्षेकरी’, म्हणजे चार भिक्षू-संघांच्या झग्यांचे रंग. काळा आणि पांढरा नुगा. खजूर, संत्री, हिवाळ्यापर्यंत जपून ठेवलेलं खरबूज, क्विन्स फळाची वडी. आणि ऑलिव्ह तेल व नारिंगाच्या फुलांचं पाणी घातलेली गोडसर ‘पोंप’ रोटी. ती हाताने तोडायची, सुरीने कापली तर येत्या वर्षी दिवाळं निघतं म्हणतात. यादी घरागणिक बदलते, आकडा मात्र ठाम: येशू आणि बारा शिष्य.

हा आकडा वाटतो तेवढा प्राचीन नाही. १६८३ साली मार्सेयचे धर्मगुरू फ्रांस्वा मार्केती यांनी इथल्या चालीरीती लिहून ठेवल्या. त्यात तेरा आहेत ते पाव. गोड पदार्थांची संख्या तेरा ठरलेली दिसते ती १९२५ साली, ओबान्यच्या ‘ला पिन्यातो’ नियतकालिकाच्या नाताळ विशेषांकात. ते वर्ष प्रोव्हांसाल भाषाप्रेमींच्या चळवळीच्या काळातलं. चळवळीचे अध्वर्यू फ्रेदेरिक मिस्त्राल (१८३०–१९१४) यांनी आपल्या आठवणींत लहानपणचा शेतघरातला नाताळ रंगवला, आर्लमध्ये लोकजीवनाचं संग्रहालय उभारलं आणि १९०४ च्या नोबेलच्या पैशातून ते वाढवलं. पॅरिसची फ्रेंच शाळाशाळांतून आपली भाषा पुसत असताना या लोकांनी सणाला आकडा दिला, पोशाख दिला, क्रम दिला. म्हणून तो खोटा, असं मला मुळीच वाटत नाही. पदार्थ आधीपासून होते, नीट मोजले गेले ते हरवण्याच्या भीतीने.

‘आल्पीय’ नावाच्या टेकड्यांतल्या ले बो या कातळावरच्या गावात मिस्सेच्या वेळी ‘पास्त्राज’ हा मेंढपाळांचा विधी प्रसिद्ध आहे. जाड लोकरी झगे घातलेले मेंढपाळ मेणबत्त्यांनी सजवलेल्या छोट्या गाड्यातून नवजात कोकरू आणतात. गाडा एडका ओढतो. पुढे एकच वादक एका हाताने तीन भोकांची बासरी आणि दुसऱ्या हाताने ढोल वाजवत असतो. डिसेंबरात नवं कोकरू असणं हाही योगायोग नव्हे. आर्लच्या मेरिनो मेंढ्या उन्हाळा आल्प्सच्या कुरणांत काढतात आणि शरद ऋतूत क्रोच्या मैदानात परतून वितात. अर्पण केलेलं कोकरू मारत नाहीत, ते कळपात परत जातं.

यानंतरचा महिना ‘पास्तोराल’ नाटकांचा. त्यातलं सर्वांत प्रसिद्ध नाटक मार्सेयचे आरसे बनवणारे कारागीर आंत्वान मोरेल यांनी १८४४ साली कामगारांच्या मंडळासाठी प्रोव्हांसालमध्ये लिहिलं. सांतोनांमधले गिरणीवाला, धारवाला आणि आंधळा त्यात बोलू-गाऊ लागतात. घराघरांतून प्रोव्हांसाल बोलणं आता फार कमी झालं आहे, पण जानेवारीत हौशी नट ही भाषा पाठ करून मंचावर उभे राहतात. वर्षभर फ्रेंचमध्ये व्यवहार करणारे प्रेक्षकही ठरलेल्या विनोदांना ठरलेल्या जागी हसतात.